डोंगराच्या पोटातून ‘हॅलो’

मागच्या अंकात हौशी रेडिओवर लिहिताना, गुहेतल्या बचावकार्यासाठी लोकांनी घरी बनवलेल्या रेडिओ संचांचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. बाकीच्या तीन पानांवर मिळून आली नाहीत तेवढी पत्रं त्या एका ओळीवर आली. तेव्हा या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याच्या, परीक्षेबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी थोडं थांबावं.

ताई, आम्ही काही मित्र नाशिककडच्या किल्ल्यांवर बचावपथकाबरोबर जातो. आमचे वॉकी-टॉकी उघड्यावर झकास चालतात, पण कड्याच्या आड किंवा खोल घळीत उतरलं की मुके होतात. थायलंडच्या गुहेतल्या मुलांसाठी इंग्रजांनी घरगुती रेडिओ नेले होते असं तुम्ही लिहिलंत. बाजारातल्या संचात नाही असं त्यात काय होतं?
— एक वाचक, नाशिक

फरक मुख्यतः फ्रिक्वेन्सीचा. तुमचा वॉकी-टॉकी १४५ किंवा ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. या लहरी उघड्यावर सरळ रेषेत सुरेख जातात, पण दगडाच्या दोन वळणांत आणि ओल्या भिंतींत त्यांचा जीव जातो. पाच वॅटच्या जागी पन्नास वॅटचा संच घेतलात तरी फार तर एखादं वळण जास्त मिळेल.

गुहेतले रेडिओ ८७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे तुमच्यापेक्षा दीड हजार पटींहून खाली. एवढ्या खालच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन किलोमीटर भरते. त्या मापाचा अँटेना गुहेत कुठून आणायचा? तर तो आणतच नाहीत. तिथे लहर दूर फेकायचा प्रश्नच नसतो. तारेचं एक मोठं वेटोळं खाली, दुसरं वर, आणि मध्ये दगड. खालच्या वेटोळ्यात प्रवाह फिरला की त्याचं चुंबकीय क्षेत्र वरच्या वेटोळ्यात किंचितसा विद्युत दाब उठवतं. थोडक्यात हा ट्रान्सफॉर्मरच, फक्त गाभ्याच्या जागी डोंगर.

दगड हे क्षेत्र किती खातो ते त्याच्या विद्युत रोधावर आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतं. चुनखडीचा रोध १००० ओम-मीटर धरला तर ८७ किलोहर्ट्झला दर ५४ मीटरमागे क्षेत्र ३७ टक्क्यांवर येतं. आपली ओली काळी माती १० ओम-मीटरची धरली तर तेवढीच घट ५-६ मीटरांत होते. म्हणजे हे यंत्र युरोपातल्या चुनखडीच्या डोंगरांत का रुजलं ते कळलं असेल. शिवाय वेटोळ्याचं क्षेत्र अंतराच्या घनाने घसरतं, अंतर दुप्पट झालं की उरतो आठवा हिस्सा. म्हणून ‘अजून थोडी ताकद वाढवू’ हा उपाय इथेही फारसा चालत नाही.

पल्ला वाढवायचा तर वेटोळं सोडून जमिनीलाच तारा जोडतात. दोन खुंट्या किंवा तांब्याच्या जाळीच्या दोन पट्ट्या, एकमेकींपासून २५-५० मीटरवर, आणि त्यांच्यातून प्रवाह थेट खडकात सोडायचा. गुहेत खुंटी ठोकायला माती कुठली? मग पट्टी एखाद्या डबक्यात बुडवतात, नाहीतर चिखलात थापून वर दगड ठेवतात. कोरड्या खडकावर टाकलेली पट्टी आणि चिखलातली पट्टी यांत इतका फरक पडतो, की सराव असलेली मंडळी आधी ओल शोधतात आणि मग बस्तान मांडतात. अशा जोडणीवर काही शे मीटर दगडातून माणसाचा आवाज जातो.

थाम लुआंगच्या गुहेत २३ जून २०१८ ला बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २७ जूनला जे इंग्लिश पाणबुडे आणि गुहातज्ज्ञ तिथे पोचले, त्यांच्या सामानात ‘हेफोन’ नावाचे हे संच होते. जॉन हे या इंग्रज हौशी रेडिओवाल्याने आखलेले, म्हणून हेफोन. पण एक सांगते, या संचांनी मुलं सापडली असं कुणी रंगवून सांगितलं तर मानू नका. २ जुलैला मुलं सापडली ती पाण्याखालून पोहत गेलेल्या दोन माणसांना. नंतर मुलांचा घरच्यांशी संवाद झाला तो कागदावरच्या चिठ्ठ्यांनी, पाणबुड्यांनी हाती आणलेल्या.

आता तुमचं काम. घळीसाठी ८७ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका. घळीच्या तोंडावर, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी, एक शहाणा माणूस संच देऊन बसवा आणि त्याला निरोप इकडून तिकडे जसाच्या तसा सांगायची सवय लावा. स्वतःची भर न घालता. हे रेडिओपेक्षा अवघड आहे.

ताई, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हेफोनसारखा संच करायचा विचार आहे. सर म्हणाले जमणार नाही. तुम्हाला काय वाटतं? खर्च कमी हवा.
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

सरांचं निम्मं खरं आहे. हेफोन सिंगल साइडबँडवर, म्हणजे संकेताची एकच बाजू पाठवण्याच्या रीतीने, बोलतो. त्यातली गाळणी, मिश्रक, प्रेषण-ग्रहणाची अदलाबदल हे सगळं एका सत्रात तू जुळवशीलही, पण बोलता संच हातात येईपर्यंत तोंडी परीक्षा उरकलेली असेल. त्यापेक्षा तू ‘बीकन’ कर. खाली टुक-टुक वाजणारं वेटोळं, वर ते शोधणारं वेटोळं. गुहेतल्या माणसाच्या नेमकं डोक्यावर जमिनीवर कुठला दगड आहे आणि तो माणूस किती खोल आहे, हे त्यातून काढता येतं. बचावाला याचा उपयोग बोलण्याइतकाच आहे, आणि नकाशे काढणाऱ्यांना तर जास्तच.

मला हे यंत्र परकं वाटत नाही, कारण टेलिफोन खात्यात माझी अर्धी नोकरी याच्या चुलतभावाबरोबर गेली. रस्त्याखालची केबल नेमकी कुठून गेलीय हे शोधायला आम्ही एका टोकाला तिच्यात स्वर सोडायचो आणि हातात शोधकुंडली (तारेचं छोटं वेटोळं), कानाला हेडफोन लावून रस्त्याने चालायचो. लोक बघत राहायचे. कुंडलीचा आस उभा धरला की केबलच्या बरोबर वर आवाज बुडतो, दोन्ही बाजूंना पुन्हा उठतो. मग कुंडली ४५ अंशांत तिरपी करायची आणि आवाज पुन्हा बुडेपर्यंत बाजूला सरकायचं. जेवढं सरकलात तेवढीच केबल खोल. खोदणारे गडी आधी हसायचे, कुदळ केबलपाशी थांबली की गप्प व्हायचे.

गुहेतलं गणित याच जातीचं, फक्त आकडे वेगळे. केबल लांबलचक असते, वेटोळं एका जागी असतं, म्हणून क्षेत्राचा आकार बदलतो. तो पुढे सांगते. आधी बनवू.

फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ घे. कानाला थेट ऐकू येते, त्यामुळे वरचा संच म्हणजे निव्वळ प्रवर्धक आणि हेडफोन. ती पक्की स्थिर हवी, आणि त्यासाठी एक गंमत आहे. जुन्या बटणांच्या टेलिफोनमध्ये ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. भंगारवाल्याकडे असे फोन ढिगाने पडलेत. तो क्रिस्टल काढ, सीडी ४०६० या आयसीला जोड, आणि १५ नंबरच्या पायावर मिळेल १०२४ ने भागलेली फ्रिक्वेन्सी, सुमारे ३४९६ हर्ट्झ. आयसीला ९ ते १२ व्होल्ट दे, ५ व्होल्टवर एवढ्या वरच्या क्रिस्टलला ती कुरकुरते. पुढे दोन मॉसफेटचा अर्धा पूल, आणि ५५५ या टायमर आयसीने त्याला चालू-बंद करायचं. सलग स्वर खरखरीत हरवतो, टुक-टुक मात्र कान उचलतो.

वेटोळं : ६० सेंटिमीटर व्यासाचं, २५ गेजच्या वाइंडिंगच्या तारेचे ३०-३२ वेढे. तार साठ मीटरच्या आसपास लागेल, वजनाला शंभर-सव्वाशे ग्रॅम. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावरच मिळते. सांगाड्याला सायकलची रिम वापरू नकोस. मोह होतो, माप बरोबर असतं, पण धातूचं बंद कडं म्हणजे शॉर्ट झालेला वेढा, तो सगळी ऊर्जा स्वतःच गिळतो. खेळण्यांच्या दुकानात मुलींची कमरेभोवती फिरवायची प्लॅस्टिकची रिंग मिळते ती आण.

या वेटोळ्याचं इंडक्टन्स दीड मिलिहेन्रीच्या वर येतं. साडेतीन किलोहर्ट्झला अनुनाद साधायला साधारण सव्वा मायक्रोफॅरड हवा, आणि तो चांगल्या जातीचा हवा, कारण एक अँपिअर फिरला की कपॅसिटरवर ४० व्होल्टच्या आसपास चढतात. महागडे शोधत बसू नकोस. छताच्या पंख्याचे अडीच मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ जोड, झाला सव्वा. मग ॲमीटर लावून एकेक वेढा कमी-जास्त करत जा. काटा जिथे सगळ्यात वर जाईल तिथे थांब. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर एक अँपिअर मिळाला की पुरे.

वरच्या संचाला तसंच दुसरं वेटोळं चालेल, तसाच कपॅसिटर, पुढे एनई ५५३२ या प्रवर्धक आयसीचे दोन टप्पे आणि हेडफोन. इथे तुझा शत्रू वेगळाच असेल : घरातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर. हे सगळे वेटोळ्यात कर्रर्र करतात. डोक्याला लावायची एलईडीची बॅटरीसुद्धा. चाचणी गावाबाहेर घे, विजेच्या तारांपासून लांब. वळवाच्या दिवसांत नकोच. दूरवरच्या विजांचे कडाके त्या वेटोळ्यात असे फुटतात की टुक-टुक शोधता शोधता डोकं उठतं.

चाचणीला गुहेत जायचं नाही. मी हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहितेय. आपल्याकडच्या कपारींत आग्या मोहोळ असतं आणि प्रोजेक्टचे गुण त्याला माहीत नसतात. जुन्या वाड्याचं तळघर शोध, वाईत, साताऱ्यात, तुमच्याकडेही असतील. आरसीसी इमारत नको, स्लॅबमधल्या सळया क्षेत्र वाकवतात.

तळघरात वेटोळं आडवं, सपाट ठेव. गवंड्याची पाणसळ लावून बघ. थोडं तिरकं बसलं तर फार बिघडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण : तीन अंशांचा तिरकेपणा ३० मीटर खोलीवर जेमतेम अर्ध्या मीटरची चूक देतो. आता वर ये. तुझं वेटोळं उभं धर, म्हणजे त्याची पातळी जमिनीला काटकोनात, आणि जागेवर गिरकी घे. एका दिशेला आवाज बुडेल. वेटोळ्याचा आस त्या वेळी ज्या दिशेला असेल त्याला काटकोनात, म्हणजे वेटोळ्याच्या पातळीतच, बीकन आहे. ती रेघ जमिनीवर चुन्याने मार. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ मार. जिथे छेदतात तिथे जा. बरोबर डोक्यावर उभी राहिलीस की उभं वेटोळं कसंही फिरवलं तरी आवाज बुडलेलाच राहील. तिथे खुंटी ठोक.

आता खोली. वेटोळं आडवं, जमिनीला समांतर धर. खुंटीवर आवाज जोरात असेल. तिथून कुठल्याही दिशेने लांब जात राहा. एका अंतरावर तो पार बुडेल आणि पुढे गेल्यावर पुन्हा उठेल. जिथे बुडला तिथे टेप लाव. त्या अंतराचे ०.७ पट म्हणजे खोली. तळघरातलं वेटोळं तुझ्या हातातल्या वेटोळ्यापासून तीन मीटर खाली असेल तर आवाज सव्वाचार मीटरवर बुडायला हवा. ४५ अंशांची आमची खात्यातली रीतही चालते, पण इथे सरकलेलं अंतर म्हणजे खोली नव्हे, त्याची १.७८ पट खोली. तीन मीटरसाठी ते अंतर १ मीटर ७० च्या जवळ येईल. दोन्ही रीतींचं उत्तर जुळलं की सरांना बोलव. खोली जमिनीपासून नाही, तुझ्या वेटोळ्याच्या मध्यापासून धरायची, हे ते विचारतील.

आणि एवढं करूनही तुला ८७ किलोहर्ट्झ ऐकायचाच असेल, तर १९२ किलोहर्ट्झ वेगाने नमुने घेणारं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ते ९६ पर्यंतचं सगळं थेट संगणकात उतरवतं. वेटोळं, छोटा प्रवर्धक, कार्ड, बाकी काम सॉफ्टवेअरचं. प्रोजेक्टच्या दुसऱ्या भागाला विषय झाला.

उपग्रह फोन आणि फाइव्ह-जीच्या काळात बचावपथकं घरी डाग दिलेल्या डब्यांवर का अवलंबून आहेत? एखादी कंपनी हे दर्जेदार पद्धतीने का बनवत नाही? मला यात हौसेचा भाग जास्त वाटतो.
— एक अभियंता, चिंचवड

उपग्रहाला आकाश लागतं. गुहेत ते नसतं. एवढ्यावर पहिला प्रश्न मिटला.

कंपनीचं म्हणाल तर तुम्हीच हिशेब करा. जगभरातली गुहा-बचावपथकं धरली तरी गिऱ्हाइकं किती, आणि प्रत्येक पथक दोन-चार संच घेऊन वीस वर्षं वापरणार. कोणता विक्री-व्यवस्थापक हे वर पाठवेल? त्यामुळे हे काम सुरुवातीपासूनच हौशी मंडळींच्या आणि विद्यापीठातल्या एखाद्या वेड्या माणसाच्या गळ्यात पडलं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठातल्या बॉब मॅकिन यांनी ‘मोलफोन’ केला. पथकांनी तो वर्षानुवर्षं वापरला. मग त्याचे भाग मिळेनात, दुरुस्ती अवघड झाली, तेव्हा जॉन हे यांनी हेफोन आखला. त्याची आराखडेवार माहिती उघड छापली गेली आणि स्वयंसेवकांनी टेबलाशी बसून ते संच जोडले. यात हौस आहेच. पण रात्री दोन वाजता चिखलात पडलेला संच उघडून कोणता सांधा सुटला हे ज्याने तो जोडला त्यालाच कळतं, सर्व्हिस सेंटरला नाही.

तिसरं नाव घेते. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लजवळ गूफ्र बेर्झे ही गुहा आहे, १९५६ मध्ये जगात पहिल्यांदा हजार मीटर खोलीच्या खाली माणसं उतरली ती इथेच. १९९६ च्या उन्हाळ्यात या गुहेत अचानक पाणी भरलं आणि निकोला डोलिमोर ही इंग्लिश तरुणी आणि तिचा एक हंगेरियन सहकारी बुडाले. तिच्या नावाने पुढे फ्रेंच आणि इंग्रज मंडळींनी मिळून ‘निकोला’ ही रेडिओ प्रणाली उभी केली. तीही ८७ किलोहर्ट्झवर. या आकड्यात दैवी काही नाही. उलट शेजारी ९० ते ११० मध्ये जहाजांच्या दिशादर्शनाची लोरान-सी ही दणदणीत यंत्रणा होती, तिचा त्रासच व्हायचा. पण मोलफोन ८७ वर होता म्हणून हेफोन ८७ वर राहिला, आणि निकोलाही. प्रत्येक नव्या माणसाने ‘माझी फ्रिक्वेन्सी जास्त चांगली’ म्हणून नवी धरली असती तर दोन देशांची पथकं एकाच गुहेत दोन बहिऱ्यांसारखी बसली असती. दर्जा दर्जा म्हणतात तो मला या हट्टात दिसतो. आमच्या खात्यात दर दहा वर्षांनी नवीन जातीचं एक्स्चेंज यायचं आणि जुन्याशी त्याचं जुळवून देता देता आमची दिवाळी जायची, त्यामुळे मी या बाबतीत जरा पक्षपाती आहे.

बोलण्याऐवजी लिहिलेला निरोप पाठवणारीही एक जात आहे, स्वित्झर्लंडमधली ‘केव्ह-लिंक’. जून २०१४ मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोल एका संशोधकाच्या डोक्यात दगड पडला. ८ जूनला अपघात, १९ ला तो बाहेर आला, सातशेहून जास्त माणसं कामाला होती. खालचे निरोप वर यायचे ते केव्ह-लिंकवरून, मजकुराच्या रूपात. मला स्वतःला हा प्रकार आवाजापेक्षा पसंत आहे. औषधाची मात्रा खरखरीत ऐकण्यापेक्षा वाचलेली बरी. मजकूर सावकाश, पुन्हा पुन्हा पाठवता येतो, त्यामुळे अशक्त संकेतावरही पोचतो. आणि वरचा माणूस झोपला असला तरी निरोप वाट बघत थांबतो.

उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले होते तेव्हा असले रेडिओ का नाही वापरले?
— एक वाचक, परभणी

गरज पडली नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला बोगदा ढासळला, पण ढिगाऱ्यातून गेलेला चार इंची पाइप शाबूत होता. त्यातून हवा, पाणी, सुकामेवा जायचा आणि बोलणंही व्हायचं. २० तारखेला सहा इंची पाइप पार गेला, दुसऱ्या दिवशी त्यातून कॅमेरा सरकवल्यावर माणसांचे चेहरे दिसले. २८ ला सगळे बाहेर आले. साठेक मीटर ढिगाऱ्यात आरपार नळी असताना तिच्याहून चांगला टेलिफोन नाही. नळीही नसती, तर मग मी वर लिहिलेलं सगळं लागू झालं असतं. पण ओला, मातकट ढिगारा आणि त्यात चेपलेलं लोखंड. चुनखडीइतकं सोपं गेलं नसतं.

ताई, मी तार खात्यातून निवृत्त झालो. पूर्वी एकाच लोखंडी तारेवर तार जायची, परतीचा रस्ता जमीन. गुहेत तसं करता येत नाही का? बॅटरी, वेटोळी, कशाला एवढा उपद्व्याप?
— एक वाचक, सोलापूर

करता येतं आणि करतात. तुमचं पत्र वाचून खात्यातली माणसं खात्यातलीच राहतात याची खात्री पटली.

एकतारी टेलिफोन म्हणतात त्याला. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल मिची यांचा संच प्रसिद्ध आहे. जमीन परतीची वाट होऊ शकते हे जर्मनीतल्या श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्येच दाखवलं होतं. तार पाठवायला चांगलं अर्थिंग लागायचं, तुम्ही कोळसा-मीठ घालून खड्डे भरले असतील. इथे संचाच्या आतला प्रवर्धक इतका हलक्या प्रवाहावर चालतो की अर्थिंग म्हणून माणसाचं अंगच पुरतं. एका हातात संच, त्याच्या धातूच्या पट्टीवर बोट टेकलेलं, दुसरा हात किंवा ओले बूट खडकावर. तारेला चिमटा लावला की बोलणं सुरू. वाटेत कुठेही दुसरा चिमटा लावा, तिसरा माणूस सामील. रीळ पाठीला बांधून उलगडत जायचं. आपली जंपर वायरसुद्धा चालेल.

मी तर म्हणेन, जिथे तार नेता येते तिथे आधी तार. रेडिओ पाण्यापलीकडच्या किंवा दगडापलीकडच्या माणसासाठी. तारेचा दोष एकच, ती पायात येते, आणि तुटली की नेमकी कुठे ते कळत नाही. केबलवाल्या बाईला विचारा.

असा संच वापरायला परवाना लागतो का?
— रत्नागिरी, जळगाव आणि दादर इथून आलेल्या पत्रांना मिळून

एकतारी फोनमध्ये रेडिओ नाहीच. इचलकरंजीच्या मुलीच्या बीकनची फ्रिक्वेन्सी, साडेतीन किलोहर्ट्झ, आंतरराष्ट्रीय वाटपाच्या तक्त्यात कुणालाच दिलेली नाही, तो तक्ता ८.३ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. तरी कॉलेजमार्फत एक पत्र दिल्लीच्या वायरलेस नियोजन विभागाला टाकून ठेवावं. ८७ किलोहर्ट्झवर बोलायचं असेल तर परवानगी हवीच, आणि हॅमचा परवाना असला तरी ती मिळाली असं होत नाही. तो पट्टा हॅमचा नाही. हॅमची परीक्षा मात्र वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते. घरात तेवढी मुलं असतील तर बसवा.

माझा मुलगा मित्रांबरोबर मेघालयात गुहा बघायला चाललाय. म्हणतो तिथे किलोमीटर-किलोमीटर आत जातात. तुमचा लेख वाचल्यापासून मला झोप नाही. त्याच्याबरोबर असा रेडिओ देता येईल का?
— एक आई, छत्रपती संभाजीनगर

नाही, आणि देऊही नका. हे संच पथकाचे असतात. वर ऐकणारा बसलेला नसेल तर खालचा डबा नुसतं ओझं.

मेघालयातल्या गुहा खरोखर लांब आहेत. क्रेम लियाट प्राह ३० किलोमीटरहून जास्त, क्रेम पुरी साडेचोवीस. तिथली जाणती मंडळी हिवाळ्यात, कोरड्या दिवसांत आत जातात, कारण पावसात या गुहा नद्या होतात. मुलगा कोणत्या महिन्यात चाललाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. आधी ते विचारा. मे-जून म्हणाला तर रेडिओचा प्रश्नच येत नाही, जाऊ देऊ नका.

बाकी फोन लागत नाही म्हणून घाबरू नका, आत कुणाचाच लागत नाही. त्याऐवजी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. कोणती गुहा, कोणत्या तोंडाने आत जाणार, किती जण, सोबत स्थानिक वाटाड्या कोण, आणि किती वाजेपर्यंत बाहेर येऊन निरोप देणार. गुहेत जाणारे जगभर हेच करतात. वेळ ठरवताना त्याने अंदाजात दोन-तीन तासांची मोकळीक ठेवायला हवी, नाहीतर तो आरामात चहा पीत असेल आणि इकडे तुम्ही पोलिसांना फोन लावाल. ती वेळ टळली तर कुणाला कळवायचं, तो नंबर कागदावर खाली असावा, आणि तो संभाजीनगरचा नव्हे, तिथला असावा. एक प्रत तुमच्याकडे, एक ते उतरतील त्या घरी. दर तासाला त्याला फोन करू नका. ठरलेल्या वेळेला तो स्वतः करेल, नाही केला तर कागद काढा.